शिळ्या भाताचे शुद्धाशुद्ध

रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकून खाणे धर्माला मान्य आहे की नाही, हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. शिजलेल्या धान्यावरून रात्र गेली की त्यात नेमके काय बदलते? तो बदल शितात असतो की खाणाऱ्याच्या मनात? आणि ते कोणी कोणाच्या पानात वाढले यावर त्याचा दोष कमीजास्त होतो का? धर्मसूत्रे, उपनिषदे, गीतेचे भाष्यकार आणि संत या सर्वांनी या प्रश्नांना हात घातला आहे, आणि त्यांची उत्तरे एकसारखी नाहीत.

आधी शब्द वेगळे करावे लागतात. भांड्यात राहिले ते उरलेले. त्यावरून रात्र गेली की ते शिळे. कोणाच्या ताटातले, हातातोंडाचा स्पर्श झालेले ते उष्टे. जमिनीवर सांडलेली, भांड्याला चिकटलेली शिते म्हणजे खरकटे. आंबूस वास सुटला, तार धरली की ते नासके. बोलताना हे पाचही सर्रास एकमेकांत मिसळतात आणि शिळ्याविषयीचा बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. शास्त्रांची भाषा याबाबत काटेकोर आहे. शिळ्याला तिथे ‘पर्युषित’ म्हणजे रात्रभर वस्तीला राहिलेले म्हणतात, तर उष्ट्याला ‘उच्छिष्ट’. या दुसऱ्या शब्दाचा मूळ अर्थ फक्त ‘मागे उरलेले’ एवढाच आहे. अथर्ववेदाच्या अकराव्या कांडात या उच्छिष्टावर एक पूर्ण सूक्त आहे. यज्ञात देवांना देऊन झाल्यावर जे उरते त्यावरच नाम, रूप आणि सारे जग आधारलेले आहे, अशी त्यातली कल्पना. उरलेल्याची एवढी थोरवी सांगणाऱ्या परंपरेतच पुढे उरलेल्याची शिसारीही रुजली, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात वर्ज्य अन्नाचे जे प्रकार मांडले आहेत, त्यांत शिळे अन्न ‘कालदुष्ट’ या वर्गात पडते. लसूण-कांदा जातिदुष्ट, म्हणजे मुळातच वर्ज्य. अपवित्र वस्तू लागली ते संसर्गदुष्ट. कालदुष्टात पदार्थाचा किंवा करणाऱ्याचा काही अपराध नसतो, फक्त वेळ गेलेली असते. म्हणूनच या वर्गाला अपवाद सर्वांत जास्त आहेत. आपस्तंब धर्मसूत्र शिजवून रात्र उलटलेले अन्न नाकारते, पण पोहे, सातू, पिठाचे आणि दुधाचे पदार्थ त्यातून वगळते. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय आणखी मोकळा आहे. तूप-तेलाचा अंश असलेले, न बिघडलेले अन्न शिळे असले तरी चालते. गहू, जव आणि दूध यांचे पदार्थ तर स्नेहाशिवायही चालतात. याज्ञवल्क्य स्मृतीही हेच सांगते.

या यादीत तांदळाचा भात नाही. जव-गव्हाला मिळालेली सूट पाण्यात शिजवलेल्या भाताला मिळालेली नाही. त्याचे कारण घरोघरच्या सोवळ्यात आजही दिसते. महाराष्ट्रात खरकटे म्हटले की पहिल्यांदा भातच आठवतो. लाह्या, चुरमुरे, कोरडे पोहे यांना विटाळ नसतो. पाणी आणि अग्नी यांच्यामधून गेलेले शीत मात्र सर्वांत हळवे मानले जाते, आणि व्यवहारातही सर्वांत लवकर आंबते तेच.

मग फोडणीचे काय? रात्री कोरडा शिजवलेला आणि सकाळी तेलात परतलेला भात मनूच्या सवलतीत बसतो का? मनूच्या वाक्यात स्नेह आधीपासून मिसळलेला धरला आहे, आणि दुसऱ्यांदा शिजवणे हा तर वेगळाच दोष. या शंकेला सर्वांत जवळचे उत्तर वसिष्ठ धर्मसूत्राच्या चौदाव्या अध्यायात मिळते. शिळे, मनाला नकोसे वाटणारे आणि पुन्हा शिजवलेले अन्न तिथे एकाच सूत्रात वर्ज्य ठरवले आहे. लगेच पुढच्या सूत्रात मात्र दही किंवा तूप घालून ते खुशाल घ्यावे अशी मुभा आहे. शिळ्या भाताचे जे दोन प्रकार भारतभर खाल्ले जातात, दहीभात आणि परतलेला भात, ते दोन्ही या एका सूत्राच्या सावलीत उभे आहेत. सूत्रकाराच्या मनात फोडणीची कढई होती असा दावा करता येत नाही. तरी स्नेहाने शिळेपण निवते ही कल्पना किती जुनी आहे, हे त्यावरून कळते.

ही कल्पना प्रत्यक्षात कशी उतरते ते दुसरबीडसारख्या गावातल्या चुलीजवळ पाहता येते. दुसरबीड हे बुलडाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातले गाव. जुन्या मुंबई–नागपूर रस्त्यावर एका अंगाला किनगाव राजा आणि दुसऱ्या अंगाला बिबी लागते. हा मुलूख ज्वारीचा, कापसाचा आणि आता सोयाबीनचा. विदर्भातली धानाची शेती इथून लांब, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे. त्यामुळे या भागात शिळे म्हटले की पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यांपुढे यायची ती भाकर. ती ताकात कुस्करायची, नाहीतर तेल-तिखटासोबत खायची किंवा चुरून फोडणीला टाकायची. भात सणाचा, पंगतीचा, पाहुण्यांचा. २०१३च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्याचा हक्क मिळाला आणि जानेवारी २०२३पासून ते मोफत मिळू लागले. त्या धान्यात तांदूळही येतो. तांदूळ रोजचा झाला तसा शिळा भातही रोजचा झाला, आणि भाकरीला न पडलेला प्रश्न भाताला पडू लागला.

सकाळी गंजातला भात आधी नाकाशी धरून पाहतात. मग ओल्या बोटांनी गोळे फोडतात. रात्रभर थंड झालेले शीत घट्ट झालेले असते, कारण शिजताना फुललेले त्यातले स्टार्च निवताना पुन्हा आवळून बसते. म्हणून प्रत्येक शीत सुटे होते. गरम, ताजा भात कढईत टाकला तर त्याचा लगदा होतो. म्हणजे शास्त्र ज्या रात्रीला दोष म्हणते, तीच रात्र या पदार्थाला हवी असते. दक्षिणेच्या वळणाने करायचे तर तेलात मोहरी तडतडली की हरभऱ्याची आणि उडदाची डाळ टाकून ती लालसर होऊ देतात. मग शेंगदाणे, सुकी मिरची, हिंग, हळद आणि गोडनिंबाची पाने. चिंचेचा कोळ याच तेलात आटवतात आणि तेल कडेला सुटू लागले की भात घालतात. शेवटी वरून सांबार. विदर्भाच्या बोलीत सांबार म्हणजे कोथिंबीर, दक्षिणेतले आमटीसारखे कालवण नव्हे. चिंचेऐवजी लिंबू पिळले की हाच कर्नाटकातल्या चित्रान्नाचा भाऊबंद होतो. तमिळनाडूत चिंचभाताला पुळियोदरै म्हणतात आणि आंध्रात पुलिहोरा.

दक्षिणेतल्या वैष्णव मंदिरांत पुळियोदरै आणि दध्योदन हे दोन्ही नैवेद्य आहेत. मात्र तिथे भात त्याच दिवशी, सोवळ्यात शिजवलेला असतो, शिळा नव्हे. आंबट आणि तेल यांमुळे तो टिकतो, म्हणून प्रवासाच्या शिदोरीलाही बांधतात. देवाच्या भोगाची आणि सकाळच्या गरजेची पाककृती एकच, फरक फक्त भात कधी शिजला याचा. दुसरबीडच्या माणसाला हे लांबचे वाटायचे कारण नाही. शेजारच्या देऊळगाव राजात बालाजीचे मोठे देवस्थान आहे आणि तिरुपतीचा देव या पंचक्रोशीच्या रोजच्या बोलण्यातला आहे.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. फोडणीने भात चविष्ट होतो, निर्धोक होतोच असे नाही. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवल्यावरही जगतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास उघडा राहिला की ते वाढतात आणि ओकारी आणणारे विष तयार करतात. हे विष कढईच्या उष्णतेने जात नाही. म्हणून भात शिजल्यानंतर तासा-दोन तासांत पसरून निववावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीच संपवावा. मनूने न बिघडलेल्या अन्नालाच सूट दिली, त्या अटीला आजच्या ज्ञानाने असा नेमका अर्थ येतो. मे महिन्याच्या वऱ्हाडी उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात कोणत्याही स्मृतीच्या आधाराने खाऊ नये.

शिळ्याविरुद्धचे सर्वांत प्रसिद्ध वचन मात्र स्मृतींमधले नाही, ते गीतेच्या सतराव्या अध्यायातले आहे. तिथे प्रहर उलटलेले, रस गेलेले, दुर्गंधीचे, शिळे आणि उष्टे अन्न तामस माणसाला आवडते असे म्हटले आहे. ज्ञानेश्वरांनी हे चित्र आणखी गडद केले आहे. शिजलेले अन्न दुपारपर्यंत किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत टाकून ठेवून मग खाणारा माणूस त्यांनी रंगवला आहे. या वचनावरून ‘शिळा भात खाणे म्हणजे तामसीपणा’ असा निवाडा सहज दिला जातो. पण तिथे विषय आहे आवडीचा. कोणत्या वृत्तीचा माणूस कशाकडे ओढला जातो हे गीता सांगते, काय खावे आणि काय टाकावे याची यादी देत नाही. ताजे समोर असताना आंबलेल्याकडे ओढ घेणारी जीभ वेगळी, आणि मूठभर तांदूळ वाया जाऊ नये म्हणून तो सकाळी परतून खाणारा हात वेगळा. शिवाय प्रहर म्हणजे तीन तास. तो हिशेब शब्दशः लावला तर पहाटे बांधून शेतात नेलेली भाकर न्याहारीच्या वेळेपर्यंत तामस ठरेल. तसे कोणत्याही शेतकऱ्याच्या घरात मानत नाहीत आणि मानू नये.

गीतेच्याही आधी उपनिषदांनी हा प्रश्न जास्त खोलवर नेला आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा न करणे आणि ते न अव्हेरणे ही व्रते म्हणून सांगितली आहेत. छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात उषस्ति चाक्रायणाची कथा येते. कुरू देशातले पीक गारपिटीने की टोळधाडीने बुडालेले. उषस्ति बायकोसह हत्तीवाल्यांच्या गावात दिवस काढतो आहे. तिथे एक माणूस कुळीथ (काहींच्या मते उडीद) खात बसला होता. उषस्तीने मागितले तर तो म्हणाला, एवढे पुढ्यातलेच आहेत, दुसरे नाहीत. उषस्तीने तेच घेतले. मग त्याने पाणी पुढे केले, तर उषस्तीने ते उष्टे म्हणून नाकारले. कुळीथही उष्टेच नव्हते का, असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले की ते खाल्ले नसते तर जगलो नसतो, पाणी मात्र हवे तिथे मिळते. उरलेले कुळीथ त्याने बायकोला नेऊन दिले. तिला तोवर भिक्षा मिळाली होती, म्हणून तिने ते ठेवून दिले. सकाळी तेच खाऊन तो राजाच्या यज्ञाला गेला आणि तिथे ऋत्विजांना सामाच्या देवता शिकवल्या.

ब्रह्मसूत्राच्या तिसऱ्या अध्यायातले एक सूत्र याच कथेवर उभे आहे. जीव जायची वेळ आली तर सर्व अन्न चालते, असा त्याचा निष्कर्ष. शंकराचार्य आपल्या भाष्यात मुद्दाम नोंदवतात की ते कुळीथ दुसऱ्याचे उष्टे, स्वतःचेही उष्टे आणि वर शिळेही होते. सगळे दोष एका मुठीत आले, तरी ज्ञानाला ढका लागला नाही. पण कथेचा खरा भार पाण्यावर आहे. गरज संपते तिथे सवलतही संपते. आणि सकाळी ते कुळीथ अजून खाण्याजोगे होते याचे श्रेय त्या बाईचे आहे, जिने भूक भागल्यावरही अन्न टाकले नाही.

काही दिवशी तर शिळे हाच धर्म असतो. श्रावणातल्या शिळासप्तमीला चूल पेटवत नाहीत. आदल्या दिवशी शिजवलेले थंड अन्न खातात आणि शीतलादेवीची पूजा करतात. या व्रताच्या मराठी कहाणीत पाणी न लागणाऱ्या तळ्याला राजाच्या सुनेचे मूल द्यावे लागते आणि तिने तळ्याची पूजा करून काकडीच्या पानावर दहीभात वाहिल्यावर ते परत मिळते. वसिष्ठाने सुचवलेला दह्याचा उपाय कहाणीतल्या सुनेच्या हातीही आहे. विदर्भातली मारवाडी घरे होळीनंतर बासोडा पाळतात, त्याचा नियमही हाच. देवी आणि गोवर यांच्या तापाची ही देवता. तिला आगीचा स्पर्श नको, थंडावा हवा. एरवी जे कालदुष्ट तेच त्या दिवशी नैवेद्य होते, याचा अर्थ दोष शितात भिनलेला नसतो.

पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात हे रोजचे अन्न आहे. ओडिशात त्याला पखाळ, बंगालात पांता, तमिळ मुलखात पळैय सोरु आणि तेलुगूत चद्दन्नम म्हणतात. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण गोपाळांच्या मधोमध बसून वनात शिदोरी खातो, आणि पोतनाच्या तेलुगू भागवतात ती शिदोरी अशाच शिळ्या भाताची होते. सर्व यज्ञांचा भोक्ता सवंगड्यांसोबत खातो आहे, हे स्वर्गातले देव पाहत राहतात. वारकऱ्यांच्या काल्याच्या कीर्तनाचा गाभाही हाच, सर्वांची शिदोरी एकत्र करून परस्परांचे उष्टे प्रसाद म्हणून घेणे. पुरीच्या जगन्नाथाचा महाप्रसाद हा तर चक्क भात. तो उष्ट्याने किंवा स्पर्शाने विटाळत नाही, आणि वाळवलेली त्याची शिते निर्माल्य म्हणून घरात जपून ठेवतात.

बुलडाणा जिल्ह्यात या विचाराचे सर्वांत मोठे उदाहरण शेगावचे. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी, माघ वद्य सप्तमीला, देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ उठली होती आणि पत्रावळी रस्त्यावर पडल्या होत्या. तिथे बसून शितन्‌शीत वेचून खाणारा तरुण बंकटलाल अगरवाल आणि दामोदरपंत कुलकर्णी यांना दिसला. गजानन महाराजांचे हे पहिले दर्शन. दासगणूंच्या ‘श्रीगजानन विजय’ या पोथीतून ते घरोघर पोचले आहे. संतचरित्राची सुरुवात जन्मकथेने करण्याची रीत असताना या चरित्राची सुरुवात टाकलेल्या अन्नाने होते. सोवळ्याच्या हिशेबात ते भात, उष्टे आणि रस्त्यावरचे, म्हणजे तिन्ही अंगांनी त्याज्य. ज्याला अन्नात ब्रह्म दिसते त्याला पत्रावळीच्या आत आणि बाहेर असा भेद उरत नाही, असा भाविक त्याचा अर्थ लावतात. आजही शेगावच्या महाप्रसादाच्या पंगतीत पानात काही टाकायचे नाही याची भाविकांना जाणीव असते.

याच जिल्ह्यात दुसरा एक आवाज आहे आणि तो ऐकल्याशिवाय हा विचार पुरा होत नाही. देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानतात. त्यांच्या जोहाराच्या अभंगांत धन्याच्या दारी उष्ट्यासाठी आलेला महार बोलतो. त्या उष्ट्याला भक्तीचा अर्थ आहे, पण शब्द रोजच्या जगण्यातला आहे. गावगाड्यात महारांच्या वाट्याला येणाऱ्या भाकरतुकड्यांत शिळेपाके असायचेच, आणि ते मागून आणण्याचीही रीत ठरलेली होती. गजानन महाराजांनी वेचलेले शीत त्यांनी स्वतःहून उचलले होते. चोखोबांच्या समाजाला ते घ्यावे लागत होते. अन्न तेच, पण एकात वैराग्य आणि दुसऱ्यात अपमान. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरलेल्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी शिळेउष्टे तुकडे मागून खाणे सोडा असे आपल्या लोकांना सांगितले. त्यांचा रोख दुसऱ्याने टाकलेले खाऊन जगण्याच्या सक्तीवर होता, आणि ही सक्ती झुगारणे हाच तिथे धर्म होता.

कालदुष्टाच्या शेजारी शास्त्रकारांनी ‘भावदुष्ट’ हा आणखी एक वर्ग ठेवला आहे, म्हणजे ज्या अन्नामागची भावना बिघडली आहे ते. टीकाकारांनी याचा अर्थ बहुधा खाणाऱ्याच्या मनातल्या किळसेशी जोडला. देणाऱ्याच्या मनालाही तो तितकाच लागू पडतो. ताजे स्वतःला आणि शिळे गड्याला, ताजे मुलाला आणि शिळे सुनेला, ही वाटणी जिथे आहे तिथला भात कितीही तुपात परतला तरी त्याचा दोष जात नाही. हे बोलणे फार लांबच्या काळाचे नाही. सर्वांना वाढून शेवटी बसणाऱ्या बाईच्या ताटात रात्रीचेच येते, असे अनेक घरांत अजून चालते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायाने पाहुण्यांना घालून उरलेल्याला ‘विघस’ आणि यज्ञातून उरलेल्याला ‘अमृत’ म्हटले, आणि ते खाणे गृहस्थाचे भाग्य मानले. तिथे शेवटी खाण्याचे व्रत पती-पत्नी दोघांचे आहे, एकटीचे नाही. सकाळचा फोडणीचा भात घरातल्या सर्वांच्या ताटांत सारखा पडतो तेव्हा तो या विघसाच्या जवळ जातो. एकीच्याच ताटात पडतो तेव्हा तो उषस्तीचे कुळीथ नसतो, कारण तिथे दुष्काळ पडलेला नसतो.

जो भात माणसाने खाण्यापलीकडे गेला त्याचे काय करायचे, हा शेवटचा प्रश्न. तो गोठ्यात नेतात आणि गाईला घातले म्हणून समाधान मानतात. पण धर्मशास्त्रातला गोग्रास जेवणाआधी, ताज्या अन्नातून काढायचा असतो. उरल्यावर, आंबल्यावर द्यायचा नसतो. जनावराच्या दृष्टीनेही भेद आहे. शिजवलेला भात एकदम पुष्कळ खाल्ला तर रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात आम्ल वाढते, चारा पचवणारे जिवाणू मरतात, जनावर रवंथ सोडते आणि वेळेवर उपचार न झाल्यास दगावूही शकते. लग्नाच्या पंगतीनंतर डेगभर भात एका गाईपुढे रिकामा केला जातो तेव्हा हेच होते. मूठभर कोरडा भात कडब्याच्या कुट्टीत मिसळून घालता येतो. वास सुटलेला भात उकिरड्याच्या खड्ड्यात मातीआड करावा, म्हणजे पुढच्या हंगामात तो खत होऊन शेतात जातो.